तगादा, खत आणि पत

गेल्या पावसाळ्यातली एक दुपार आम्हांला विसरता येत नाही. कोलकात्याच्या आमच्या कचेरीत चहाची वेळ झाली होती, आणि विभागाच्या सामायिक दूरध्वनीची घंटा वाजली. पलीकडच्या गृहस्थाने आमच्या एका सहकाऱ्याचे नाव घेतले. ते जागेवर नाहीत असे आम्ही सांगितले. त्यावर त्याने आमचे नाव विचारले, आणि ते कळताच त्याचा आवाज चढला. अर्जात ओळखीचे गृहस्थ म्हणून तुमचेच नाव दिलेले आहे. तुमच्या स्नेह्याला सांगा की, पैसे बुडवून दुसऱ्या गावी बदली करून घेतली म्हणजे सुटका होत नाही. हे सारे तो हिंदीत बोलला, आणि इतक्या मोठ्याने की, शेजारच्या तीन मेजांवरच्या माना वर झाल्या.

सहकारी परत आले तेव्हा कोणी काही बोलले नाही. तरीही खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्यांनी काय घडले ते ओळखले. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या जिन्याने येऊ लागले व डबा एकटेच खाऊ लागले. आम्ही दोघे पूर्वी एकाच शहरी नोकरीस होतो, एकमेकांच्या घरी जेवलो होतो. असे असूनही आम्ही त्यांना एका शब्दाने विचारले नाही. आपले नाव या प्रकरणात गोवले गेले याचा रागच आम्हांला अधिक आला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्या प्रकरणाचा शेवट काय झाला ते पुढे सांगूच. आमचे आजोळ सुप्याच्या पंचक्रोशीतले. सुपे म्हणजे पुणे जिल्ह्यातले, १८७५ च्या दंग्याचे सुपे. पदवीसाठी आम्ही इतिहास हा विषय घेतला होता, पण पुढे तो फायलींच्या ओझ्याखाली दबून गेला. त्या आठवड्यात मात्र मनाच्या अस्वस्थतेमुळे आम्ही जुनी पुस्तके पुन्हा बाहेर काढली. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. ऋणको आणि धनको यांचे नाते अनादी असले, तरी वसुलीचे साधन मात्र काळाप्रमाणे बदलत आले आहे. एके काळी ते साधन म्हणजे दारात बसविलेला माणूस होता. पुढे ते सावकाराच्या पेटीतला कागद झाले. आज ते दूरच्या एखाद्या दप्तरातली नोंद आहे. कर्जदाराची अब्रू ज्या त्या काळी ज्या त्या साधनाच्या हाती राहिली. हा प्रवास वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पेशवाई बुडाल्यावर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली नव्याने जिंकलेल्या मुलखाविषयी एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यात त्याने तगाद्याचे वर्णन केले आहे. तगादा हा शब्द फारसी तकाजापासून आपल्याकडे आला, आणि आज आपण तो केवळ वारंवार मागणी करणे या सौम्य अर्थाने वापरतो. एल्फिन्स्टनच्या वेळी त्याची व्याप्ती फार मोठी होती. साध्या मागणीपासून आरंभ होऊन ती कर्जदाराच्या दारी पहारा बसविणे, त्याला घराबाहेर पडू न देणे, जेवू न देणे, आणि शेवटी भर उन्हात डोक्यावर धोंडा देऊन एका पायावर उभे करणे येथवर जाऊन पोहोचे. या सर्वाला एकच नाव होते, तगादा.

या वर्णनातील आम्हांला सर्वांत बोलका वाटला तो भाग निराळाच आहे. कर्जदार आपल्या बरोबरीचा किंवा खालच्या पायरीचा असेल, तर सावकार त्याच्यावर हे सर्व उपाय बेलाशक करी. परंतु तोच कर्जदार वरिष्ठ असला, म्हणजे मात्र सावकार प्रथम विनवण्या करी, त्याच्या अब्रूला आणि लाजेला आवाहन करी, त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, वाटेत लोळण घेई, दारासमोर आक्रोश मांडी. वसुलीचा मार्ग कर्जाच्या रकमेवरून ठरत नसे. कर्जदाराच्या दुबळेपणावरून ठरत असे. हे वाक्य लिहिताना आम्हांला दूरध्वनीवरचा तो आवाज पुन्हा ऐकू आला.

उंबरठ्यावर पडण्याचाच शास्त्रोक्त प्रकार म्हणजे धरणे. धरणेकरी उपाशी बसे, आणि तो उठेपर्यंत घरधन्यानेही अन्न घेऊ नये असा लोकाचार होता. धरणेकरी ब्राह्मण असला तर त्याच्या उपवासाचे पाप घरावर येईल ही भीती वेगळीच. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीबरोबर राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेही आपल्या पत्रांत या धरण्याचे वर्णन केले आहे. शिपायांचा पगार थकला की, तेही सरदाराच्या तंबूपुढे हाच उपाय योजीत. पुढे १८६० साली भारतीय दंडसंहिता तयार झाली, तेव्हा दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा तिच्या ५०८ व्या कलमाने गुन्हा ठरला. आणि त्या कलमाखाली दिलेले पहिलेच उदाहरण दुसऱ्याच्या दारी धरणे धरून बसणाऱ्या माणसाचे आहे. धरण्याचा शस्त्र म्हणून केवढा दरारा होता, हे कायद्याच्या या एका उदाहरणावरून कळते.

तगाद्यातून थोरामोठ्यांचीही सुटका नव्हती. पहिल्या बाजीरावांनी नर्मदेपलीकडे मराठी घोडी नेली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या घोड्यांच्या दाण्यावैरणीचे आणि शिलेदारांच्या रोजमुऱ्याचे पैसे बहुतांशी उसनवारीचे होते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत कर्जाचा धावा आहे. आपण देणेकऱ्यांच्या नरकात पडलो आहोत, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली आहे, अशा अर्थाचे उद्गार त्या रणशूर पुरुषाने काढले आहेत. गंमत अशी की, ज्यांच्यापुढे हे गाऱ्हाणे गायले ते स्वामी स्वतःच पेशव्यांना कर्ज देणाऱ्यांपैकी होते.

न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशींना जी प्रस्तावना लिहिली, तीत या राज्यऋणाचा हिशेब दिला आहे. नानासाहेबांच्या कारकीर्दीत, १७४० पासूनच्या वीस वर्षांत, सुमारे दीड कोट रुपयांचे कर्ज काढले गेले, आणि व्याजाचा दर सामान्यतः शेकडा बारा ते अठरा होता, असे ते सांगतात. पानिपतानंतर हा वारसा थोरल्या माधवरावांकडे आला. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वी त्यांनी आपल्या इच्छांची जी याद करवून घेतली, तीत राज्याच्या इतर कामांबरोबर कर्ज फेडण्याचेही कलम होते. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या तरुण राज्यकर्त्याला देणे राहून जाण्याची टोचणी लागावी, यातच पत या शब्दाचा खरा अर्थ आहे. पुढे पुन्हा कर्ज मिळावे म्हणून नव्हे, तर आपल्या शब्दाला मागे कोणी नाव ठेवू नये म्हणून तो जिवाचा आटापिटा होता.

तगाद्याच्या त्या काळाला काही मर्यादाही होत्या. मुद्दलाइतके व्याज घेतले की एका वेळी त्याहून अधिक घेता येत नाही, हा दामदुपटीचा नियम धर्मशास्त्राने घालून दिला होता. सावकार गावातच राहणारा असे, आणि गाव त्याच्यावाचून व तो गावावाचून जगू शकत नसे. कर्जदार पार बुडाला तर आपलाही धंदा बुडेल हे त्याला कळत असे. म्हणून तो ओढून धरी, पण तुटू देत नसे. शिवाय जमीन सहजी सावकाराच्या नावावर होत नसे. छळ अंगाला होई, परंतु बहुधा घरदार शाबूत राही.

इंग्रजी अंमलात हा क्रम उलटला. अंगाचा छळ कायद्याने बंद झाला आणि कागदाचे राज्य सुरू झाले. १८५९ साली दोन कायदे आले. एकाने दिवाणी न्यायालयांची कार्यपद्धती बांधून दिली, तर दुसऱ्याने मुदतीचा नियम आणून साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. जुन्यापुराण्या मागण्या उकरून काढून कर्जदाराला कोणी त्रास देऊ नये, असा या दुसऱ्या कायद्याचा चांगला उद्देश होता. परिणाम मात्र उलटाच झाला. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई, आणि तोवरचे व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसे. पन्नासाचे खत काही वर्षांत दोनशेचे होई, आणि मधल्या काळात धान्याच्या रूपाने जे फेडले गेले त्याचा कोठेही उल्लेख नसे. खालची सही म्हणजे बहुधा नांगराची निशाणी. ज्याला अक्षर येत नाही त्याने, ज्याला अक्षराशिवाय दुसरे काही येत नाही त्याने लिहिलेल्या मजकुराखाली, आपला नांगर काढून द्यावा, असा तो व्यवहार होता.

यातच अमेरिकेतले यादवी युद्ध आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि शेतकऱ्याची पत एकाएकी वाढली. सावकार मागेल तेवढे देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास इंदापूरसारख्या तालुक्यांत शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा चढला. उत्पन्न खाली आणि देणे वर, अशा कात्रीत दख्खनचा कुणबी सापडला. सावकाराने फिर्याद करावी, समन्स निघावे, आणि शेतकऱ्याने न्यायालयात हजर न होता एकतर्फी हुकूमनामा व्हावा, हा नित्यक्रम झाला. कधी समन्स त्याच्या हाती पडत नसे. कधी पडे पण वाटखर्चाला पैसे नसत. आणि गेला तरी तोंडी सांगण्यापलीकडे त्याच्यापाशी पुरावा कसला? त्याने दिलेल्या पैशाची पावती कधी कोणी त्याला दिलीच नव्हती.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी ठिणगी पडली. एका देशमुखाचे घर हुकूमनाम्याच्या वसुलीत सावकाराने घेतले आणि ते पाडावयास काढले. गावाने त्या सावकारावर बहिष्कार टाकला. न्हाव्याने, पाणक्याने, गड्याने, सर्वांनी काम सोडले. मग १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवडी बाजारात लोक जमले, आणि सावकारांच्या दुकानांवर व घरांवर तुटून पडले. तेथून हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांच्या अनेक तालुक्यांत पसरले. साडेनऊशेच्या आसपास माणसे पकडली गेली.

या दंग्याचे नवल असे की, एवढा जमाव बिथरला असूनही माणसांचा रक्तपात जवळपास झालाच नाही. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने नमूद केले आहे की, लोकांना हवी होती ती खते, रोखे आणि हुकूमनामे. ते निमूटपणे हवाली केले गेले, तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. कागदांची होळी झाली आणि लोक परत गेले. त्यांना सावकाराचा जीव नको होता, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे धनही नको होते. आपल्याविरुद्ध बोलणारा आणि आपल्याला वाचता न येणारा असा जो साक्षीदार सावकाराच्या पेटीत बसला होता, तो त्यांना नाहीसा करावयाचा होता. आमच्या आजोळी म्हातारी माणसे या दंग्याला 'खते जाळली तो साल' असे म्हणत. इतिहासाच्या पुस्तकांनी दिलेल्या नावापेक्षा हे नाव आम्हांला अधिक अचूक वाटते.

अर्थात खते जाळून पत परत येत नाही. उलट दंग्यानंतर सावकारांनी हात आखडता घेतला आणि पेरणीला बी मिळण्याची पंचाईत झाली, तर नवल नव्हे. खरे औषध १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्यात आहे. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. कर्ज माफ करणारा कायदा म्हणून त्याचे वर्णन अनेकदा केले जाते. वस्तुतः त्याचे मर्म हिशेबात आहे. खतावरील आकडा प्रमाण न मानता न्यायाधीशाने व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन पहिल्यापासून हिशेब करावा, असे त्याने सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद केले. खते गावच्या निबंधकासमोर लिहिली जावीत अशी व्यवस्था केली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास खातेपुस्तक मिळण्याचा हक्क कर्जदाराला दिला. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून रानडे यांनी कित्येक वर्षे काम केले. पेशव्यांच्या कर्जाचा हिशेब लिहिणारा पुरुष कुणब्यांच्या कर्जाचाही हिशेब तपासत तालुकोतालुकी हिंडला होता.

या कायद्याला सावकारांनी वाटा काढल्याच. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती निघाली, आणि खरेदीच्या बुरख्याआड गहाण आहे काय हे पाहण्याचा अधिकार न्यायालयांना देण्यासाठी कायद्यात पुढे दुरुस्ती करावी लागली. तथापि एक तत्त्व कायमचे रुजले: कर्जाचा कागद दोघांचा असतो, एकट्या धनकोचा नव्हे.

शेतकऱ्याचा प्रश्न असा मार्गी लागत असता शहरांत नवा कर्जदार जन्मास आला होता. तो म्हणजे पगारदार. गिरणीतला कामगार, रेल्वेतला खलाशी, गोदीतला हमाल आणि आमच्यासारखा कारकून. याच्यापाशी गहाण टाकण्याजोगी जमीन नव्हती. होती ती पहिल्या तारखेची आशा. म्हणून सावकारही पहिल्या तारखेला फाटकाशी येऊन उभा राहू लागला. मुंबईत त्याला पठाण म्हणत, कलकत्त्यात काबुली. हातातली काठी सहसा चालत नसे. ती दिसली म्हणजे पुरे होई. भारतीय कामगारांविषयीच्या शाही आयोगाचा अहवाल १९३१ साली निघाला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत असे त्याने म्हटले, आणि कारखान्याला वेढा घालून वसुली करणे हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली.

तिला अनुसरून १९३४ साली बंगालमध्ये कामगार संरक्षणाचा कायदा झाला, आणि वसुलीच्या हेतूने कामाच्या जागेपाशी घुटमळणे शिक्षेस पात्र ठरले. ज्या शहरात बसून आम्ही हे लिहीत आहोत, त्याच शहरातल्या फाटकांसाठी तो कायदा प्रथम झाला होता. १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातही कर्जदारांच्या संरक्षणाचा कायदा आला. मुंबई इलाख्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने तर छळाची व्याख्याच केली. कर्जदाराच्या मागोमाग हिंडणे, त्याच्या घरापाशी वा कामाच्या ठिकाणी रेंगाळणे, त्याच्या वस्तूंना हात घालणे, धाकदपटशा करणे, हे सारे तीत आले. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानेही हे कलम पुढे चालविले. एल्फिन्स्टनने ज्या तगाद्याची पायरी-पायरीने नोंद केली, त्यातल्या बहुतेक पायऱ्या अशा रीतीने एकेक करून बेकायदा ठरत गेल्या.

सरकारी नोकराला आणखी एक भय असते, ते वरिष्ठांच्या कानावर जाण्याचे. १९६४ च्या मध्यवर्ती नागरी सेवा वर्तणूक नियमांपैकी १७ वा नियम आम्हां सर्वांना माहीत आहे: सरकारी नोकराने आपले व्यवहार असे ठेवावेत की, तो नेहमीचा कर्जबाजारी किंवा दिवाळखोर होणार नाही. कर्जाबद्दल न्यायालयीन कारवाई सुरू झाली, तर ती त्याने सरकारला कळविली पाहिजे. वसुली करणाराला या नियमाची गंधवार्ता असते, आणि कचेरीतल्या दूरध्वनीची घंटा वाजते ती यासाठीच. परंतु त्याच्या धमकीत किती दम आहे हे पाहायचे, तर दिवाणी कार्यपद्धती संहितेचे ६० वे कलम वाचावे. न्यायालयाच्या हुकुमावाचून पगाराला कोणी हात लावू शकत नाही. सामान्य कर्जाच्या हुकूमनाम्यातही पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर राहतात. एकाच हुकूमनाम्यापोटी चोवीस महिन्यांपलीकडे जप्ती चालत नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांना धक्का लागत नाही. ज्याच्यापाशी खरोखरच द्यायला काही नाही, त्याला केवळ कर्जापायी तुरुंगात टाकता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले.

मध्यंतरी पेढी गेली, बँक आली. आणि बँकेने वसुलीचे काम मक्त्याने दुसऱ्यास दिल्यावर पठाणाची काठी नव्या हातात दिसू लागली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बँकांना सुनावले की, वसुलीसाठी दंडेली करणारी माणसे ठेवता येणार नाहीत. २००८ साली रिझर्व्ह बँकेने वसुली प्रतिनिधींसाठी नियम घालून दिले. २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर वसुलीचे दूरध्वनी करण्यास, आणि कर्जदाराच्या कुटुंबीयांना, मित्रांना व त्याने दाखल्यासाठी नावे दिलेल्या व्यक्तींना त्रास देण्यास मज्जाव केला. आमच्या कचेरीत आलेला तो दूरध्वनी या शेवटच्या नियमाचा सरळ भंग होता. आम्हांला ते त्या दिवशी माहीत नव्हते. असते तर आम्ही त्या माणसाचे नाव आणि त्याच्या संस्थेचे नाव लिहून घेतले असते आणि मग फोन ठेवला असता.

तथापि आजच्या काळाचे खरे साधन आवाज हे नव्हे. ते आहे नोंद. २००० साली सिबिल ही कर्जविषयक माहिती गोळा करणारी कंपनी निघाली, २००५ साली अशा कंपन्यांसाठी कायदा झाला, आणि पुढे अशा चार कंपन्या झाल्या. आपण कोठे किती कर्ज घेतले, हप्ता कधी चुकला, हे सारे बँका त्यांना कळवितात. आणि त्यावरून तीनशे ते नऊशे यांच्या दरम्यानचा एक आकडा ठरतो. गावचा सावकार आपल्याला ओळखत असे. बाप कसा होता, जमीन कशी आहे, पाऊस पडला की नाही, हे त्याला ठाऊक असे. हा आकडा कोणाला ओळखत नाही. त्याचा निःपक्षपातीपणा यातच आहे, आणि त्याचा धोकाही यातच आहे.

आता आमच्या सहकाऱ्यांकडे वळू. महिन्याभराने एका संध्याकाळी आम्हीच त्यांच्या घरी गेलो. मुलीला अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला होता, आणि शिक्षणासाठीच्या कर्जाचा अर्ज बँकेने नाकारला होता. कारण हा आकडा. जुन्या शहरी असताना त्यांनी एका बँकेचे क्रेडिट कार्ड घेतले होते. बदलीपूर्वी सर्व रक्कम भरून त्यांनी ते बंद करण्यास सांगितले, आणि पावती घेतली. बँकेत ते बंद झालेच नाही. वर्षाची फी लागली, फीवर व्याज, व्याजावर दंड. सूचनापत्रे त्यांच्या जुन्या सरकारी निवासस्थानी जात राहिली, जेथे दुसरेच कुटुंब राहत होते. दख्खनच्या कुणब्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामे होत, तसाच हा एक एकतर्फी हुकूमनामा, फक्त न्यायालयावाचून झालेला.

"तुम्ही विचारले असते तर त्याच दिवशी सांगितले असते," एवढेच ते म्हणाले. आम्हांपाशी उत्तर नव्हते. करडे गावाने सावकारावर टाकलेल्या बहिष्काराचे वर्णन आम्ही कौतुकाने वाचले होते. आमच्या कचेरीने तसाच बहिष्कार एका कर्जदारावर टाकला होता, आणि तोही कर्ज नसलेल्यावर.

त्यांच्या पत्नीने ट्रंकेतून एक जुना लखोटा काढला. बदल्यांच्या संसारात जी माणसे कागद जपून ठेवतात, त्यांतल्या त्या होत्या. पैसे भरल्याची पावती आणि कार्ड बंद करण्याच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत, दोन्ही त्यात होती. मग आम्ही दोघांनी मिळून बँकेस तक्रार लिहिली. माहिती कंपनीकडे नोंद चुकीची असल्याचे कळविले. महिना उलटला तरी बँकेचे उत्तर येईना, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे प्रकरण नेले. २०२१ पासून या तक्रारीसाठी देशभर एकच योजना आहे, आणि तिला शुल्क लागत नाही. अडीच महिन्यांनी नोंद दुरुस्त झाली. परंतु महाविद्यालयाची फी अडीच महिने थांबत नाही. पहिल्या सहामाहीचे पैसे त्यांनी पत्नीच्या पाटल्या बाजारात गहाण ठेवून भरले होते. त्या पुढे सुटल्या, ही समाधानाची गोष्ट.

या साऱ्यातून आम्ही जो बोध घेतला तो मोठा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या वाडवडिलांनी सांगितलेच आहे, आणि घेतलेले देणे फेडावे यातही दुमत नाही. परंतु दोनशे वर्षांच्या या इतिहासात कर्जदार वाचला तो कोणाच्या दयेने किंवा रागाने नव्हे. तो वाचला जेव्हा त्याच्या हाती पावती आली, हिशेबाची प्रत आली, आणि आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे ते वाचण्याचा हक्क आला. तो हक्क आज आपल्यापाशी आहे. प्रत्येक माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनाशुल्क मागविता येतो. चूक दाखविल्यास ती तीस दिवसांत निस्तरावी, आणि उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम २०२४ पासून लागू झाला आहे. बदलीचा हुकूम हाती आला की आपण सामान बांधतो, मुलांचे दाखले काढतो, गॅसची जोडणी बंद करतो. त्या यादीत आणखी दोन ओळी वाढवाव्यात: प्रत्येक बँकेस नवा पत्ता कळविणे, आणि बंद केलेल्या प्रत्येक खात्याचा बेबाकीचा दाखला घेणे.

तिसरी ओळ आम्ही स्वतःसाठी लिहून ठेवली आहे. शेजारच्या मेजावरच्या माणसासाठी असा दूरध्वनी पुन्हा आला, तर मान खाली घालून फायलीत तोंड खुपसायचे नाही. संध्याकाळी त्याच्याबरोबर चालत बसच्या थांब्यापर्यंत जायचे आणि काय झाले ते विचारायचे. आमचे सहकारी आता पुढच्या जिन्याने येतात. डबा आम्ही एकत्र खातो.